यॉर्कटाउनचं काळं भांडं

१

शनिवारी सकाळी अकरा वाजता जनरल जॉर्ज वॉशिंग्टन यांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं, की यॉर्कटाउनचं भांडं चोरीला गेलंय, चोर आपल्यातलाच आहे आणि कोणीही घाबरून जाऊ नये. हे जनरल म्हणजे शैलेंद्र पोतनीस, अमेरिकेतल्या हर्नडनच्या आमच्या 'पोटोमॅक मराठी परिवारा'चे अध्यक्ष. वय सत्तावन्न, पोट हुद्द्याला शोभेलसं, डोक्यावर ऑनलाइन मागवलेला पांढरा टोप आणि गळ्याला लांब पांढरा रुमाल. त्या रुमालाची गाठ शिकायला त्यांनी तीन आठवडे व्हिडिओ पाहिले होते. युद्धाचा इतिहास वाचायला तेवढा वेळ दिल्याचं कोणी पाहिलं नाही.

मी तेव्हा तिथे नव्हते. मंडळाच्या कार्यक्रमांना मी शक्यतो जेवणाच्या वेळेलाच जाते, कारण त्याआधी भाषणं असतात. बारा वाजता मला आश्लेषाचा फोन आला. आश्लेषा म्हणजे यतीन धाबेकरची बायको. दोघंही नागपूरची, माझ्या घरामागच्या टाउनहाउसमध्ये राहतात. ती रडत नव्हती, म्हणून मी लक्ष देऊन ऐकलं.

"मावशी, सर यतीनकडून लिहून घेतायत," ती म्हणाली. "भांडं मीच घेतलं म्हणून. चारच्या आत सही कर म्हणतात. आणि तो करेल. तो सरांना नाही म्हणत नाही."

मी सुलेखा गुर्जर. एका विमा कंपनीत बावीस वर्षं क्लेम तपासले. चोरीला गेलं, जळालं, वाहून गेलं असं सांगत येणाऱ्यांपैकी खरं कोण बोलतंय ते शोधायचं, एवढंच काम होतं. त्या नोकरीनं मला पेन्शन दिलं आणि माणसांबद्दलचा आदर काढून घेतला. सौदा वाईट नव्हता.

यतीनची गोष्ट आश्लेषानं मला आधीच सांगितलेली होती. अकरा वर्षं रांगेत असलेली त्याची ग्रीन कार्डाची फाइल यंदा शेवटच्या टप्प्यात आली होती आणि बारा नोव्हेंबरला इंटरव्ह्यू होता. अशा वेळी चोरीची लेखी कबुली म्हणजे घर, नोकरी, मुलीची शाळा, सगळं आवरून परत जायची तयारी. आणि ज्या कंपनीनं ती फाइल लावली होती, तिथले डायरेक्टर होते हेच शैलेंद्र पोतनीस. मी गाडीची किल्ली घेतली तेव्हा साडेबारा वाजले होते.

२

हा सगळा तमाशा कशासाठी होता, ते आधी सांगते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं झाली, तेव्हा आपणही काहीतरी करायला हवं असं मंडळाच्या कमिटीला वाटलं. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, सोहळा समितीवर एक जागा रिकामी होती, ती शैलेंद्रना हवी होती, असं मला वाटलं. शेवटी वॉशिंग्टननं फ्रेंचांच्या मदतीनं जिंकलेली यॉर्कटाउनची लढाई नाटकासारखी करायची ठरली. इंग्रज सेनेनं तिथे शस्त्रं खाली ठेवली ती तारीख ऑक्टोबरची, म्हणजे नवरात्राच्या आसपासची, तेव्हा हॉलचं भाडंही एकदाच पडणार होतं.

आमच्याकडे देव शनिवार पाहूनच येतात. त्यामुळे घटस्थापना, खंडेनवमीचं शस्त्रपूजन आणि यॉर्कटाउन एकाच दिवशी ठेवलं होतं. हॉल सहापर्यंतच मिळाला होता, नाहीतर यांनी दिवाळीही उरकून घेतली असती.

पात्रं कशी वाटली, ते ऐकण्यासारखं आहे. जे अमेरिकन सिटिझन झालेत ते सेनापती आणि कर्नल. ग्रीन कार्डवाले फ्रेंच मित्रसेना. आणि वर्क व्हिसावाले साधे शिपाई. असा नियम कोणी लिहिला नव्हता. यादी आपोआप तशी झाली, आणि तशी झाली आहे हे एकाच्याही लक्षात आलं नाही. शिपायांनी खुर्च्या मांडायच्या, तंबू उभारायचे, आणि लढाईत पहिल्या रांगेत पडायचं. इंग्रज व्हायला कोणीच तयार नव्हतं, म्हणून ते पुठ्ठ्याचे कापले होते.

आणि भांडं. लीसबर्गला मिसेस ट्रिपलेट नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या बाई राहतात. त्यांचा कोणी खापरपणजोबा यॉर्कटाउनला साधा शिपाई होता, आणि ज्या तांब्याच्या भांड्यात तो छावणीत अन्न शिजवायचा ते भांडं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं होतं. यतीन त्यांच्या चर्चचं कॉम्प्युटरचं काम फुकट करतो. त्याच्या शब्दाखातर बाईंनी ते एक दिवसासाठी प्रदर्शनाला दिलं. चार वाजता त्या स्वतः येणार होत्या.

मी हॉलवर पोचले तेव्हा यतीन किचनबाहेरच्या बाकावर बसला होता. निळा कोट, पांढरे मोजे, मांडीवर लाकडी बंदूक. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं भांडं आणलं, टॉवेलात गुंडाळून खोक्यात घातलं, मंडळाच्या स्टोरेज रूममध्ये खालच्या शेल्फवर ठेवलं आणि कुलूप लावलं. शनिवारी साडेनऊला तो इतर तिघांबरोबर एकाच गाडीतून आला. अकराला प्रदर्शनाचं टेबल लावायला खोकं उघडलं, तर आत नुसता टॉवेल.

भांडं कसं होतं, हे मी विचारलं. पेरूएवढ्या पोटाचं आहे की कलिंगडाएवढ्या, हे नीट सांग म्हटलं.

"मोठ्या नारळाएवढं. गोल पोट, तोंड थोडं आवळतं. आतून कल्हई, बाहेरून काळंकुट्ट. कडी अडकवायला दोन बाजूंना दोन कान आहेत, पण कडी कधीच तुटलीय."

किल्ल्या दोनच. एक त्याच्याकडे, दुसरी सरांकडे. सर दहाला आले, हे शंभर लोकांनी पाहिलं होतं. कुलूप धडधाकट होतं. मग उरला कोण, असं सरांनी त्याला विचारलं होतं.

"तू घेतलंस का?" मी विचारलं.

"नाही."

"मग सही कशाला करतोस?"

त्यानं एक मोजा वर ओढला. मग म्हणाला, की सर म्हणाले हे लेटर नुसतं ड्रॉवरमध्ये राहील, पोलीस येणार नाहीत, ऑफिसातही कोणाला कळणार नाही. मिसेस ट्रिपलेटना काहीतरी द्यायला हवं ना. मला त्याचा इतका राग आला, की त्याच्या हातातली लाकडी बंदूक काढून त्यालाच एक द्यावी असं वाटलं. भांडं देता येत नाही तर गुन्हेगार द्यायचा, असा हिशोब होता, आणि गुन्हेगार स्वतःच तो समजावून सांगत होता.

मी स्टोरेज रूमची किल्ली मागून घेतली.

३

स्टोरेज रूममध्ये मंडळाची तीस वर्षांची संस्कृती कोंबलेली होती. थर्माकोलचे खांब, मागच्या वर्षीचे बॅनर, एक तुटका तबला. खालच्या शेल्फवर यतीनचं रिकामं खोकं होतं. वरच्या शेल्फवर, बॅनरच्या मागे, एका डब्यावर मार्करनं 'गणपती २०२६' लिहिलं होतं. मी तो उघडला, कारण बंद डबा दिसला की उघडायचा ही माझी जुनी खोड आहे. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तांब्याचा कलश होता, मंडळाचं नाव कोरलेला. वर्तमानपत्र गेल्या महिन्याचं. मी तो परत ठेवला, आणि दार लावताना मनात काहीतरी खटकलं, पण काय ते लगेच कळेना.

मग मी नकुलला गाठलं. नकुल सत्तावीस वर्षांचा, इथेच जन्मलेला, जुन्या लढायांची नाटकं करणाऱ्या एका अमेरिकन ग्रुपमध्ये दर वीकेंडला जातो. आमच्या सेनेला कवायत त्यानंच शिकवली. सकाळपासून लोक त्याच्याविषयी कुजबुजत होते, कारण तो जुनी बटणं, पट्टे, बिल्ले ऑनलाइन विकतो. शंभरातला तो एकटाच होता ज्याला या युद्धाबद्दल काही ठाऊक होतं, त्यामुळे त्याच्यावर संशय येणं स्वाभाविकच म्हणायचं.

तो मराठी समजतो, पण उत्तरं इंग्रजीत देतो. असं भांडं विकलं तर किती येतील, हे त्यानं न लाजता सांगितलं. आकडा मोठा होता. "बट ओन्ली इफ इट्स ब्लॅक, मावशी," तो म्हणाला. कलेक्टर लोक त्या काळ्या थराचेच पैसे देतात. तो गेला की ते साधं तांबं.

सकाळी कधी आलास, असं विचारल्यावर म्हणाला, साडेआठला. कोण होतं?

"जस्ट कांचनमावशी. शी वॉज डूइंग डिशेस."

"स्टोरेज बंद होती?"

"नो, इट वॉज ओपन. आय जस्ट ग्रॅब्ड माय ड्रम."

मी त्याला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा त्यानं साडेआठच सांगितलं. हॉलबाहेर लावलेल्या गाडीच्या पार्किंगची पावती फोनवर दाखवली. म्हणजे साडेनऊला यतीन, दहाला अध्यक्ष, आणि साडेआठला खोली उघडी. कुलूप आपोआप उघडत नाही. बावीस वर्षांत मी आपोआप जळालेली कोठारं पुष्कळ पाहिली, पण आपोआप उघडलेलं कुलूप एकही नाही.

आणखी एक गोष्ट मला छळायला लागली. साडेआठला कांचन कसली भांडी घासत होती? जेवण हॉटेलातून मागवलेलं होतं, आणि ते साडेबाराला आलं.

४

कांचन पोतनीस म्हणजे अध्यक्षांची बायको. मंडळात काम करणारी जी तीन माणसं आहेत त्यांतली एक. मी तिला गेली वीस वर्षं ओळखते, आणि त्या वीस वर्षांत ती माझ्या नजरेला नजर न देता बोलल्याचं मला आठवत नाही. आज ती चटईचा कोपरा सरळ करत बोलत होती. मी दहालाच आले, शैलेंद्रबरोबर, असं तिनं सांगितलं. भांडी वगैरे काही घासली नाहीत. किचनमध्ये पाऊलही टाकलं नाही.

मी मान डोलावली आणि किचनमध्ये गेले. सिंकच्या जाळीत चिंचेचा चोथा अडकला होता, त्यात एक चिंचोका. मी हॉटेलच्या ट्रेंची झाकणं एकेक करून उचलून पाहिली. छोले, जीरा राइस, नान, गुलाबजाम. चिंच घातलेला एकही पदार्थ त्यात नव्हता, आणि खरं सांगायचं तर चव असलेलाही नव्हता.

मी फोन काढून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे फोटो पाहिले. हा ग्रुप मी म्यूट करून ठेवलाय, पण या लोकांची एक सवय तपासाला फार सोयीची आहे. चहाचा कपही फोटो काढल्याशिवाय उचलत नाहीत. नऊ बाराचा फोटो घटाचा होता. मातीच्या परातीत चकचकीत तांब्याचा कलश, त्यावर विड्याची पानं, वर नारळ. पुढे शस्त्रपूजेला मांडलेल्या लाकडी बंदुका, प्रत्येकीला हळदीकुंकू. खाली सदतीस अंगठे आणि हात जोडलेले.

पुढचा घटाचा फोटो अकरा चाळीसचा. तोच कलश, तोच नारळ. पण आता कलशाभोवती लाल खण गुंडाळला होता, पार गळ्यापर्यंत.

मी तो फोटो मोठा करून बघत किचनच्या ओट्याला टेकून उभी राहिले. कलशाला वस्त्र बांधायचं तर पूजेच्या आधी बांधतात. घट बसल्यावर दोन तासांनी त्याला कोण कपडे घालतं? आणि खण बांधला होता तोही विचित्रच. बायका खण बांधतात तेव्हा मागे गाठ मारून टोकं खोचून टाकतात. इथे गाठ पुढे होती, आणि दोन लांब टोकं खाली लोंबत सोडली होती. अशी गाठ मी आजच, थोड्या वेळापूर्वी, कुठेतरी पाहिली होती.

मग मी नऊ बाराचा फोटो पुन्हा उघडला, आणि पानांच्या खाली, कलशाच्या डाव्या बाजूला दोन बोटांनी मोठा केला. तिथे जे दिसलं त्यानंतर मला आणखी कोणाला काही विचारायची गरज उरली नाही. घड्याळात साडेतीन झाले होते.

५

स्टेजजवळच्या टेबलाशी यतीन बसला होता, समोर टाइप केलेला कागद, हातात पेन. आश्लेषा त्याच्या मागे उभी होती. शैलेंद्र त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोठेपणानं काहीतरी सांगत होते, आणि सेनापती, फ्रेंच मित्र, शिपाई सगळे अर्धगोलात उभे राहून बघत होते. एकाही माणसाच्या तोंडून हे चुकीचं आहे असं निघालं नाही. फ्रेंच मित्रसेना तर मोबाइलवर छोल्यांचे फोटो टाकत होती. मिसेस ट्रिपलेट वेळेआधीच येऊन पहिल्या रांगेत काठीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांना अजून काही सांगितलेलं नव्हतं.

मी यतीनच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"शैलेंद्र, सहीआधी तो घट जरा इकडे घ्या," मी म्हटलं.

ते हसले. "सुलेखाताई, घट हलवायचा नसतो. संध्याकाळी उत्तरपूजा झाल्यावर मीच घरी नेणार आहे तो."

"गेल्या वर्षी तुम्ही सरस्वतीपूजनाला सात मिनिटांचा टायमर लावला होता. घट कोणी घरी नेला हेही तुम्हाला ठाऊक नव्हतं. यंदा एवढी भक्ती कुठून आली?"

त्यांनी यावर श्रद्धा, वय आणि संस्कार यांबद्दल एक वाक्य सुरू केलं. मी ते पुरं होऊ दिलं नाही. मी जे सांगितलं ते इंग्रजीतही सांगितलं, कारण ज्या बाईचं भांडं होतं तिला ते कळायला हवं होतं.

खोली साडेआठला उघडी होती, नकुलनं ती पाहिली. यतीन साडेनऊला आला, त्याला तीन साक्षीदार आहेत. म्हणजे खोली अध्यक्षांच्या किल्लीनं उघडली गेली. अध्यक्ष तर दहाला आले, मग त्यांची किल्ली आधी कोण घेऊन आलं? जिला घट मांडायचा होता ती. तिला स्टोरेजमधून एकच वस्तू हवी होती, मंडळाचा तांब्याचा कलश. पण मंडळाचा कलश गणपतीच्या डब्यात गेल्या महिन्याच्या वर्तमानपत्रात अजून तसाच गुंडाळलेला आहे, मी स्वतः पाहिला. मग घटावर आहे ते काय? खालच्या शेल्फवर नारळाएवढं, गोल पोटाचं तांब्याचं भांडं होतं, काळंकुट्ट. आपल्यापैकी कुठल्याही बाईनं पूजेच्या दिवशी काळं तांबं पाहिलं तर ती काय करेल? सिंकमध्ये चिंचेचा चोथा आहे.

हॉलमधल्या बायकांच्या चेहऱ्यांवर ते आधी उमटलं. पुरुषांना वेळ लागला.

मी फोन वर धरून नऊ बाराचा फोटो दाखवला. पानांच्या खाली, डाव्या बाजूला, तांब्याचा एक छोटा कान. कलशाला कान नसतात. कडी अडकवायच्या भांड्याला असतात.

"इथपर्यंत चूक आहे," मी म्हटलं. "मी असते तर मीही घासलं असतं. पण अकराला भांडं गेल्याचा गलका झाला आणि अकरा चाळीसच्या आत कोणीतरी त्या कानांवर खण गुंडाळला. त्या माणसाला खण बांधता येत नाही. त्याला एकच गाठ येते, गळ्याच्या रुमालाची. शैलेंद्र, जरा हनुवटी वर करा, सगळ्यांना दिसू दे."

शैलेंद्रनी हनुवटी वर केली नाही. त्यांचा हात मात्र रुमालाकडे गेला, आणि शंभर माणसांनी आधी त्या गाठीकडे आणि मग खणाच्या गाठीकडे पाहिलं. ते म्हणाले, की हा सगळा अंदाज आहे, पुरावा काहीच नाही, आणि देवाची विटंबना करण्याआधी कमिटीची मीटिंग घ्यावी लागेल.

तेवढ्यात कांचन पुढे आली. तिनं घटाला नमस्कार केला, नारळ उचलून ताम्हनात ठेवला, पानं काढली आणि खण सोडला. ती गाठ सुटायला तिला दोन मिनिटं लागली.

"मीच घासलं," ती म्हणाली. "मी याला फोन करून विचारलं, कलश कुठाय. हा म्हणाला खालच्या शेल्फवर असेल बघ. अकराला कळलं तेव्हा मी रडत याला सांगायला गेले, आत्ताच सांगून टाकू म्हटलं. हा म्हणाला, गप्प बस. काउंटीचे लोक येणारेत. यतीनच्या नावावर घालू, तो काही बोलणार नाही."

मी खूप लबाड माणसं पाहिली आहेत. स्वतःचं दुकान पेटवून बाहेर येऊन रडणारी पाहिली आहेत. त्यांना निदान आगीची भीती तरी वाटत होती. या माणसानं चोरी केली नव्हती, भांडं मोडलं नव्हतं. एक 'सॉरी' म्हटलं असतं तरी दुपारच्या आत सगळं निपटलं असतं. ते एक 'सॉरी' वाचवायला त्यानं एका कुटुंबाची अकरा वर्षं कागदावर टाइप करून आणली होती, तीही शुद्धलेखन तपासून. मला किळस आली, आणि ती मी चेहऱ्यावर येऊ दिली.

६

पाणी ओतून, पुसून कांचननं भांडं मिसेस ट्रिपलेटच्या हातात दिलं. ते नव्या नाण्यासारखं झळकत होतं. बाईंनी ते उलटं केलं, सुलटं केलं, एका कानावरून अंगठा फिरवला. त्या इंग्रजीत हळू आवाजात बोलल्या. तो काळा थर छावणीच्या चुलीचा होता, असं त्यांची आई सांगायची. घरात कोणी त्याला फडका लावायचा नाही. लहानपणी त्यांनी एकदा पुसायला घेतलं होतं, तर आईनं हातावर चापट मारली होती. कांचन रडत माफी मागत होती. बाईंनी तिचा हात धरला, पण माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत. मला ते आवडलं. जे गेलं होतं ते गेलंच होतं.

मग त्यांनी टेबलावरचा कागद मागितला. चष्मा लावून तो पूर्ण वाचला. वाचून झाल्यावर शैलेंद्रना त्यांनी एकच प्रश्न विचारला, आजच्या नाटकात तुम्ही कोण आहात?

"जनरल वॉशिंग्टन, मॅम," शैलेंद्र म्हणाले. टोप अजून डोक्यावरच होता.

बाई "आय सी" म्हणाल्या. कागदाची घडी पर्समध्ये ठेवली, भांडं काखेत घेतलं आणि कार्यक्रम न बघता निघाल्या. दारापर्यंत त्यांना पोचवायला नकुल धावला. काउंटीचा माणूस पाच मिनिटांनी आला, आणि काय चाललंय ते त्याला समजावून सांगायला सेनापतींची झुंबड उडाली.

शैलेंद्र टेबलाशी परत आले. मी तिथेच होते, पण मला न पाहिल्यासारखं करून ते यतीनला म्हणाले, की मिसअंडरस्टँडिंग झालं, सगळेच स्ट्रेसमध्ये होतो. आत्ता आधी लढाई करून घेऊ. "मंडेला ऑफिसमध्ये बसून बोलू आपण. इंटरव्ह्यूचंही बघायचंय ना तुझं?"

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी प्रेमानं म्हटलं. यतीन सवयीनं उठून उभा राहिला आणि त्याची मान हलायला लागली होती, तेवढ्यात आश्लेषानं त्याच्या कोटाची बाही धरली.

"मागच्या शुक्रवारी एकशे ऐंशी दिवस झाले," ती म्हणाली. "वकिलानं मेल केलाय. मी तुला दोनदा दाखवला."

तिथल्या अर्ध्या लोकांना याचा अर्थ माहीत नव्हता, कारण त्यांना तो विसरून वीस वर्षं झाली होती. फाइल शेवटच्या टप्प्यात जाऊन एकशे ऐंशी दिवस उलटले, की तशाच कामाची नोकरी दुसऱ्या कंपनीत घेता येते, आणि फाइल आपल्याबरोबर येते. पहिल्या मालकाची परवानगी लागत नाही. यतीनला हे आठवडाभर ठाऊक होतं, आणि तरी तो चोरीच्या कबुलीवर सही करायला बसला होता. इतकी वर्षं मान खाली घातली की ती वर करायची हेही माणूस विसरतो. त्याच्याबद्दलही माझ्या मनात तेव्हा फारसं चांगलं काही नव्हतं.

यतीननं आश्लेषाकडे पाहिलं. मग निळ्या कोटाची बटणं वरून खाली एकेक करून काढली. आत नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजचा विटका टी-शर्ट होता. कोट त्यानं नीट घडी करून टेबलावर ठेवला.

"सर, मंडेला मी येईन," तो म्हणाला. "लॅपटॉप परत करायला येईन. राजीनामा रात्री मेल करतो."

शैलेंद्रनी माइकवर जाऊन लढाई दहा मिनिटांत सुरू होईल, सर्व शिपायांनी जागेवर यावं, असं पुकारलं.

यतीन आणि आश्लेषा दारापाशी बूट घालत होते. शिपायांपैकी अरुण नावाचा एक जण, हैदराबादहून पुण्यात आणि पुण्याहून इथे आलेला, आठ वर्षं याच कंपनीत असलेला, बंदूक भिंतीला टेकवून त्यांच्याजवळ गेला. मागे वळून एकदा स्टेजकडे पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं,

"यतीन, ते एकशे ऐंशी दिवस नक्की कुठल्या तारखेपासून मोजायचे?"

यतीन सांगायला लागला, तोपर्यंत पहिली रांग सगळीच्या सगळी त्याच्याभोवती येऊन उभी राहिली होती.